तूर उतरते न्हावाशेवाला, भाव उतरतो लातुरात

वाचकांचे प्रश्न : शेतमालाची आयात आणि बाजारभाव

(उत्तरे डिसेंबर २०२५ मध्ये लागू असलेल्या नियमांना धरून आहेत. हिशेबातले डॉलरचे आणि मालाचे दर समजण्यापुरते घेतले आहेत. आपला हिशेब करताना त्या दिवशीचे दर घालावेत.)

प्रश्न : देशात तूर कमी पिकते म्हणून बाहेरून आणावी लागते, असं दरवर्षी ऐकतो. माल कमी आहे तर आमच्या तुरीला हमीभाव तरी मिळायला हवा ना? तोही का मिळत नाही?
— एक शेतकरी, औसा (जि. लातूर)

तूट आहे म्हणजे भाव चढणार, हे बंदर बंद असेल तेव्हाच खरे. बंदर उघडे असले की बाहेरचा माल गिरणीच्या दारात किती रुपयांना येऊन पडतो, त्यावर देशातल्या मालाचा भाव ठरतो. ही आयातीची पडतळ. लातूरचा डाळमिलवाला सौद्यात बोली लावण्याआधी हीच वजाबाकी मनात करून आलेला असतो.

तुम्हीही ती करू शकता. मोझांबिकची तूर समजा ७०० डॉलर टनाने न्हावाशेवाला पोचली. डॉलर ९० रुपयांचा धरला तर टनाला ६३,०००, म्हणजे क्विंटलला ६,३०० रुपये झाले. बंदरावरचा खर्च, दलाली आणि लातूरपर्यंतचे ट्रकभाडे मिळून ३५० रुपये धरा. गिरणीत पडतळ ६,६५० रुपये.

आता उतारा पाहा. देशी तुरीतून शेकडा ७४ किलो डाळ निघाली आणि आफ्रिकी तुरीतून ७० किलो, तर आयात मालाची डाळ गिरणीला ९५ रुपये किलोने पडते (चुनी-टरफलाचे पैसे दोन्हीकडे सारखे धरून सोडले आहेत). त्याच ९५ रुपयांनी ७४ किलो डाळीचे होतात ७,०३० रुपये. म्हणजे चांगल्या देशी तुरीला गिरणी आयात मालापेक्षा क्विंटलमागे ३८० रुपये जास्त देऊ शकते, त्यापुढे नाही. २०२५-२६ चा हमीभाव ८,००० रुपये आहे. मधल्या ९७० रुपयांत व्यापाऱ्याचा कावा शोधण्याचे कारण नाही. बंदर उघडे असताना ही दरी भरून काढणारा खरेदीदार एकच, तो म्हणजे सरकार.

मग शुल्क लावा, असे कोणीही म्हणेल. तुरीच्या बाबतीत इथे एक गोम आहे. आपली आयात मुख्यतः म्यानमार, मोझांबिक, टांझानिया आणि मलावीतून होते. हे देश अल्पविकसित देशांच्या यादीत आहेत आणि त्या यादीला भारताने शुल्कसवलत दिलेली आहे. म्हणून मार्च २०१७ मध्ये तुरीवर १० टक्के शुल्क लागले तरी या देशांच्या मालाला ते फारसे बोचले नाही. मार्च २०२३ मध्ये ते काढतानाही सरकारने कागदोपत्री अडथळ्याचेच कारण दिले होते. तुरीला रोखायचे तर कोटा लागतो. ५ ऑगस्ट २०१७ रोजी वर्षाला २ लाख टनांची मर्यादा आली तेव्हा आयातीला खरा चाप बसला. मे २०२१ मध्ये ती मर्यादा उठली. तेव्हापासून मुक्त आयातीला मुदतवाढ मिळत आली असून डिसेंबर २०२५ मध्ये लागू असलेली मुदत ३१ मार्च २०२६ पर्यंतची होती. २०२४-२५ मध्ये सुमारे १२ लाख टन तूर आली. देशाचे उत्पादन साधारण ३५ लाख टनांचे आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन कळते.

मुदतवाढीच्या तारखाही पाहण्यासारख्या आहेत : डिसेंबर २०२२, डिसेंबर २०२३, जानेवारी २०२५. तूर कापून खळ्यावर येते ते हेच दिवस. जून महिन्यात, पेरणीच्या आधी ही घोषणा झाली असती तर शेतकऱ्याला पीक बदलण्याची संधी तरी होती. ग्राहकाला स्वस्त डाळ मिळावी यात गैर काही नाही. पण त्यासाठीचा निर्णय पेरणी झाल्यावर घ्यायचा आणि त्याची किंमत एकट्या शेतकऱ्याने मोजायची, हे आम्हाला पटत नाही.

उशिराच्या निर्णयाने काय होते ते २०१६-१७ मध्ये दिसले. २०१५ च्या ऑक्टोबरात तूरडाळ किरकोळ बाजारात २०० रुपयांवर गेली होती. पुढच्या हंगामात पेरा वाढला, पाऊस चांगला झाला आणि तुरीचे उत्पादन जवळजवळ दुप्पट झाले. त्याच वर्षी देशात सर्व कडधान्ये मिळून ६६ लाख टनांची आयात झाली. हमीभाव बोनससह ५,०५० रुपये होता, बाजार ४,००० च्या आसपास घुटमळत होता आणि खरेदी केंद्रांवर बारदाना संपला होता. कोटा आला ऑगस्टमध्ये आणि तुरीच्या निर्यातीवरची बंदी उठली सप्टेंबरमध्ये. तोवर लहान शेतकऱ्याची तूर विकून झाली होती.

सरकारी खरेदीचा लाभ घ्यायचा असेल तर तयारी आधीपासून लागते. तूर, उडीद आणि मसूर यांची राज्यातल्या उत्पादनाच्या १०० टक्क्यांपर्यंत खरेदी करण्याची तरतूद आता आहे, पण केंद्रावर अडते ते कागदांवर. ई-पीक पाहणीत तुरीची नोंद नसणे, आधार आणि बँक खात्यावरील नावात फरक असणे, मोबाइल नंबर बदलल्यामुळे संदेश न मिळणे, ही नेहमीची कारणे. सोयाबीनमध्ये तुरीचे आंतरपीक असेल तर पाहणीत दोन्ही पिके नोंदवा. नुसते सोयाबीन नोंदवले तर तुरीची नोंदणी होत नाही. केंद्र हेक्टरी उत्पादकतेच्या मर्यादेतच माल घेते आणि ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो. दाणा दाताखाली कट्‌कन फुटला तर तो सुकला आहे. नुसताच चेपला तर आणखी दोन उन्हे द्यावी लागतील.

प्रश्न : सप्टेंबर २०२४ मध्ये खाद्यतेलावरचं शुल्क वाढवलं. घरात तेल महागलं, पण सोयाबीन हमीभावाच्या खालीच राहिलं. तेल महाग आणि सोयाबीन स्वस्त, हे कसं?
— एक वाचक, रिसोड (जि. वाशीम)

सोयाबीनला आपण तेलबी म्हणतो, पण गिरणीच्या दृष्टीने ते आधी पेंडेचे पीक आहे. एक क्विंटल सोयाबीनमधून साधारण १८ किलो तेल आणि ८० किलो पेंड निघते. बाकीची घट.

तेल ११५ रुपये किलो आणि पेंड ३२ रुपये किलो धरा. तेलाचे २,०७०, पेंडेचे २,५६०, एकूण ४,६३०. गाळपाचा आणि वाहतुकीचा खर्च २०० रुपये वजा केला तर गिरणीला ४,४३० रुपयांच्या पुढे सोयाबीन परवडत नाही. २०२५-२६ चा हमीभाव आहे ५,३२८. जवळपास ९०० रुपयांचा हा फरक एकट्या तेलाने भरून काढायचा तर तेल किलोमागे ५० रुपयांनी वाढावे लागेल. पेंडेने भरायचा तर किलोला सव्वाअकरा रुपये पुरतात.

आता शुल्काचा हिशेब. १४ सप्टेंबर २०२४ रोजी कच्च्या पाम, सोया आणि सूर्यफूल तेलावरचे एकूण शुल्क ५.५ वरून २७.५ टक्क्यांवर गेले. तेल ११०० डॉलर टन आणि डॉलर ९० रुपये धरला तर टनाला ९९,००० रुपये. २२ टक्के वाढ म्हणजे किलोमागे २१ रुपये ७८ पैसे. ग्राहकाला ते लगेच जाणवले. पण क्विंटलभर सोयाबीनमध्ये तेल १८ किलोच. त्याचे झाले ३९२ रुपये. पेंड किलोमागे पाच रुपयांनी उतरली की ४०० रुपये गेले आणि शुल्कवाढ फिटली. त्या काळात झाले ते असेच. मका आणि तांदळापासून इथेनॉल करताना उरणारा चोथा, ज्याला बाजारात डीडीजीएस म्हणतात, कोंबडीखाद्यात पेंडेच्या जागी स्वस्तात मिळू लागला. शिवाय ब्राझील आणि अर्जेंटिनाच्या पेंडेपुढे आपली पेंड निर्यातीत महाग पडत होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता आणि बाजार त्याच्या बराच खाली.

३१ मे २०२५ पासून कच्च्या तेलाचे शुल्क २७.५ वरून १६.५ टक्क्यांवर आणले गेले. वरच्याच दराने हा फरक किलोला १०.८९ रुपये आणि सोयाबीनमध्ये क्विंटलला १९६ रुपये होतो. रिफाइंड तेलावरचे ३५.७५ टक्के मात्र तसेच ठेवले, म्हणजे कच्च्या आणि रिफाइंडमधले अंतर ८.२५ वरून १९.२५ टक्क्यांवर गेले. यात फायदा देशातल्या रिफायनऱ्यांचा. रिफाइंड माल आणण्यापेक्षा कच्चे तेल आणून इथे शुद्ध करणे त्यांना परवडते. सोयाबीन पिकवणाऱ्याच्या पदरात यातले काही पडत नाही, कारण आयात झालेले कच्चे तेलही त्याच रिफायनरीत जाते.

एक चोरवाटही आहे. दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करारामुळे नेपाळहून रिफाइंड तेल शुल्काविना येते. नेपाळमध्ये सोयाबीन नावापुरते पिकते. तिथे बाहेरचे कच्चे तेल शुद्ध होते आणि भारतात येते. शुल्कातले अंतर जितके मोठे तितकी ही आवक फायद्याची. शुल्क वाढल्यानंतर ती वाढलीच.

पेंडेच्या आयातीचा परिणाम पाहायचा तर २०२१ आठवा. जुलै-ऑगस्टमध्ये लातूर-अकोल्यात सोयाबीन १०,००० वर गेले होते. कुक्कुटपालकांच्या मागणीवरून ऑगस्टमध्ये १२ लाख टन जीएम (जनुकबदल केलेल्या सोयाबीनची) सोयापेंड आणायला परवानगी मिळाली. नवे पीक महिन्याभरावर आले होते. भाव उतरायला पहिले जहाज लागण्याचीही गरज पडली नाही. माल येणार एवढे कळल्यावर कोंबडीखाद्यवाल्यांनी खरेदी थांबवली आणि गिरण्यांनीही हात आखडला.

म्हणून सोयाबीन उत्पादकाने तेलाच्या शुल्कापेक्षा तीन गोष्टींवर डोळा ठेवावा : इंदूर, नांदेड किंवा लातूरचा पेंडेचा रोजचा दर, डीडीजीएसचा दर आणि जीएम पेंड किंवा जीएम सोयाबीन आयातीबाबतची चर्चा. तेलाचे शुल्क वाढल्याची बातमी ऐकून फटाके फोडण्यापूर्वी वाढ गुणिले अठरा एवढे करून पाहावे.

प्रश्न : पिवळ्या वाटाण्यावर ३० टक्के शुल्क लागलं म्हणे. हरभरा वाढेल म्हणून शिल्लक माल धरून ठेवलाय. अजून हालचाल नाही. वाटाण्याचा आणि हरभऱ्याचा संबंध तरी काय?
— एक शेतकरी, मूर्तिजापूर (जि. अकोला)

संबंध बेसनाचा आणि फरसाणाचा. कॅनडा आणि रशियातून येणारा हा वाटाणा आपल्याकडे पांढरा वाटाणा म्हणून ओळखीचा आहे. मिसळीत आणि रगड्यात पडतो तोच. त्याची डाळ दिसायला हरभराडाळीसारखी आणि पीठ बेसनात सहज खपणारे. बेसन म्हणून विकायचे तर नियमानुसार ते हरभराडाळीचेच असले पाहिजे. पण भज्यांच्या आणि शेवेच्या घाण्यावर पिठातली मिसळ कोण पाहतो? त्यामुळे हरभऱ्यावर कितीही शुल्क लावा, वाटाण्याचे दार उघडे असेल तर हरभरा फार वर जाऊ शकत नाही.

सरकारलाही हे ठाऊक आहे. हरभरा पडला तेव्हा नोव्हेंबर २०१७ मध्ये वाटाण्यावर ५० टक्के शुल्क लावले. डिसेंबर २०१९ मध्ये किमान आयात किंमत किलोला २०० रुपये ठेवून दीड लाख टनांचा कोटा दिला आणि आयात फक्त कोलकाता बंदरातून, असा नियम केला. चार वर्षे आयात जवळजवळ थांबली. हरभरा तापू लागला तेव्हा ८ डिसेंबर २०२३ रोजी वाटाणा पूर्ण शुल्कमुक्त केला आणि मुदत वाढवत नेली. २०२४-२५ मध्ये तो २० लाख टनांहून जास्त आला. सगळ्या कडधान्यांची त्या वर्षीची आयात सुमारे ७३ लाख टन, आजवरची सर्वाधिक.

१ नोव्हेंबर २०२५ पासून ३० टक्के शुल्क आहे, हे बरोबर. तरीही भाव न हलण्याला दोन कारणे आहेत.

पहिले तारखेचे. ज्या मालाची जहाजपावती, म्हणजे बिल ऑफ लेडिंग, ३१ ऑक्टोबर किंवा त्याआधीची आहे त्याला जुनाच नियम लागू. कॅनडाहून जहाज यायला महिना-दीड महिना लागतो. त्यामुळे शुल्क लागल्यानंतरही कित्येक आठवडे शुल्कमुक्त माल उतरत राहतो. त्याआधीचे साठे गोदामात असतात ते वेगळेच. शुल्काची चाहूल लागली की आयातदार घाईने माल भरून घेतात. घोषणेनंतर लगेच भाव पडण्यामागेही कधीकधी हीच भरताड असते.

दुसरे कारण पडतळीचे. वाटाणा ३३० डॉलर टन धरा. ९० रुपयांनी क्विंटलला २,९७० रुपये. ३० टक्के शुल्क ८९१, एकूण ३,८६१. बंदर-वाहतुकीचे २५० मिळवून ४,१११. हरभरा ५,४०० ने विकत असेल तर वाटाणा शुल्क भरूनही जवळपास १,३०० रुपयांनी स्वस्त राहतो. तिथे पिठवाला वाटाणा मिसळणे कशाला सोडेल? फार तर प्रमाण थोडे कमी करेल. हरभऱ्याला या शुल्काचा आधार आहे. मोठ्या तेजीची अपेक्षा मात्र ठेवू नये.

खुद्द हरभऱ्यावर १ एप्रिल २०२५ पासून १० टक्के शुल्क आहे. ऑस्ट्रेलियाचा हरभरा ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये निघतो आणि आपल्याकडे नोव्हेंबरपासून पोचू लागतो. मराठवाडा-विदर्भातला नवा माल फेब्रुवारीत येईल, त्याचा हमीभाव ५,८७५ आहे. तुमच्याकडचा माल जुना आहे. नवी आवक सुरू झाली की जुन्याला रंगावरून आणि भुंग्यावरून कटती लागते. जानेवारी उलटू देण्यात फायदा दिसत नाही.

प्रश्न : तुरीचे भाव पडल्याच्या बातम्या येतात, पण दुकानात डाळ त्या मानाने उतरत नाही. मधले पैसे कुठे जातात?
— एक गृहिणी, पुणे

काही पैसे गिरणीत लागतात, काही दुकानात. तूर ७,००० रुपयांनी घेतली, दळणखर्च ३५० धरला आणि चुनी-टरफलाचे ४५० परत आले, तर ७४ किलो डाळीवर ६,९०० रुपये बसतात. म्हणजे गिरणीच्या दारात किलोला ९३ रुपये. पुढे पोते, भाडे, ठोक व्यापारी, किरकोळ दुकानदार. सुटी डाळ ११० च्या आसपास मिळावी. पाकीटबंद नाममुद्रेची डाळ त्यावर वीस-तीस रुपये सहज घेते.

यातून एक सोपे माप निघते. तूर क्विंटलमागे ५०० रुपयांनी उतरली की डाळ किलोमागे सुमारे पावणेसात रुपयांनी उतरायला हवी. दुकानदाराकडे जुना साठा असतो, त्यामुळे तीन-चार आठवडे वाट पाहावी. दीड महिन्यानंतरही फरक दिसला नाही तर दुकान बदलावे. चढताना मात्र भाव साठ्याची वाट पाहत नाही, दुसऱ्या दिवशी चढतो. ही तक्रार रास्तच आहे.

फटका डाळीत देशी आणि परदेशी असा भेद दुकानात कळत नाही, बहुधा दोन्ही मिसळलेल्या असतात. वर्षाची डाळ भरायची तर फेब्रुवारी अखेर ते एप्रिल हा काळ चांगला. देशी तुरीची आवक भरात असते आणि म्यानमारची ‘लेमन’ तूरही त्याच सुमारास चेन्नई-मुंबईला उतरत असते. दोन कडक उन्हे देऊन, पूर्ण गार झाल्यावर दहा किलोला साधारण ५० मिली एरंडेल चोळून ठेवावी. गरम डाळ डब्यात भरली तर आत वाफ धरते आणि पावसाळ्यात वास येतो.

प्रश्न : आमची पावाची भट्टी आहे. डाळी बाहेरून येतात, तेल येतं, मग परदेशी गहू आणून मैदा स्वस्त का होत नाही?
— एक बेकरीमालक, म्हापसा

गव्हावर ४० टक्के मूळ शुल्क आहे, अधिभारासह ४४ टक्के. २६० डॉलर टनाचा गहू ९० रुपयांनी क्विंटलला २,३४० रुपये होतो, शुल्कासह ३,३७०. बंदराचा खर्च निराळा. मध्य प्रदेश आणि राजस्थानचा गहू गोव्यापर्यंत याहून स्वस्तात येतो, मग जहाज कोण भरेल? शुल्क नेहमीच एवढे नव्हते. डिसेंबर २०१६ मध्ये ते शून्यावर आणले होते, तेव्हा दक्षिणेतल्या गिरण्यांनी परदेशी गहू आणलाही होता.

सध्या गव्हाचा भाव सरकार आतूनच सांभाळते : मे २०२२ पासूनची निर्यातबंदी, व्यापाऱ्यांवरची साठामर्यादा आणि अन्न महामंडळाची खुल्या बाजारातली विक्री. मैद्याचा अंदाज बांधायचा तर डॉलर पाहण्याऐवजी महामंडळाची विक्री कधी सुरू होते आणि राखीव दर (म्हणजे किमान विक्रीदर) किती लागतो ते पाहा. गहू एप्रिल-मेमध्ये सर्वांत स्वस्त असतो आणि थंडीत चढतो. तरी पावसाळ्यात महिन्याभराहून जास्त मैदा भरून ठेवू नये. गोव्याच्या दमट हवेत तो गोळे धरतो.

प्रश्न : आमच्या उत्पादक कंपनीच्या सभासदांची तूर जानेवारीत येईल. आयातीची बातमी आली की सगळे घाबरून एकदम विकतात. थांबणं परवडतं का, हे आधी कसं ठरवायचं?
— एक संचालक, शेतकरी उत्पादक कंपनी, जि. हिंगोली

थांबण्याला खर्च असतो, तो आधी काढा. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळते. व्याज वर्षाला ६ टक्के, मुदत १८० दिवस. २० क्विंटल तूर ७,००० ने धरली तर १,४०,००० चा माल आणि १,०५,००० चे कर्ज. सहा महिन्यांचे व्याज सुमारे ३,१०७ रुपये, म्हणजे क्विंटलला १५५. साठवण्याआधी तूर १२ टक्के ओलाव्यावरून १० टक्क्यांपर्यंत सुकवली तर वजनात सव्वादोन टक्के घट, आणखी दीडशे-पावणेदोनशे रुपये. दोन्ही मिळून ३२५ धरा. जुलैपर्यंत भाव ७,३२५ च्या वर जाईल असे वाटत असेल तरच थांबण्यात अर्थ. ही योजना शेतकऱ्याच्या मालासाठी आहे, व्यापाऱ्याचा माल तिथे घेत नाहीत. प्रत्येक सभासदाचा सातबारा आणि पीकनोंद वेगळी लागते. तेवढे कागद डिसेंबरातच गोळा करून ठेवा.

१८० दिवसांची ही मुदत तुरीच्या आयातचक्राशी जुळते. म्यानमारचा माल त्यांच्या कापणीनंतर, फेब्रुवारी ते मे या काळात जोरात येतो, चेन्नईपर्यंतचा प्रवास आठवड्या-दहा दिवसांचा. आफ्रिकेची कापणी जुलै ते सप्टेंबर, त्यांचा माल सप्टेंबरपासून नाताळापर्यंत उतरतो. जून-जुलै हा दोन्हींच्या मधला काळ. भाव सावरायचा असेल तर बहुधा तिथेच सावरतो. ऑगस्टच्या पुढे धरून ठेवलेली तूर आफ्रिकी मालाच्या तोंडी जाते. अपवाद होतात. २०२३ च्या अखेरीस मोझांबिकमधल्या निर्यातदारांच्या वादामुळे नकाला बंदरात माल अडकला आणि इथे तूर तेजीत राहिली. पण त्या भरवशावर कोणी गोदाम भरू नये.

आयातीची बातमी आली की चार गोष्टी विचारायच्या. परवानगी नवी आहे की जुन्याच नियमाला मुदतवाढ? मुदतवाढ असेल तर बाजाराने ती बहुतेक आधीच धरलेली असते आणि घाबरून विकणाऱ्याचा तोटा होतो. मर्यादा परिमाणाची आहे की शुल्काची? जहाजपावतीची अट कोणत्या तारखेची? आणि आजच्या डॉलरने पडतळ किती? रुपया घसरला की आयात आपोआप महागते. ७०० डॉलरच्या तुरीवर डॉलर दोन रुपयांनी वधारला तर क्विंटलला १४० रुपयांचा फरक पडतो.

अधिसूचना विदेश व्यापार महासंचालनालयाच्या आणि केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या संकेतस्थळांवर त्याच दिवशी लागतात. व्हॉट्सअपवर फिरणारी कात्रणे अनेकदा मागच्या वर्षीची निघतात, तेव्हा अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख पाहिल्याशिवाय सभासदांना संदेश पाठवू नये. सोयाबीन आणि हरभऱ्याचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाचे आजच होणारे सौदे, डिसेंबर २०२१ पासून बंद आहेत, त्यामुळे पुढच्या महिन्यांचा भाव दाखवणारी खिडकीही बंद आहे.

सगळा माल एका दिवशी न विकता तीन वाटे करा. एक वाटा सरकारी केंद्रावर हमीभावाने, केंद्र घेईल तेवढा. दुसरा फेब्रुवारीत, घरखर्चाच्या आणि पीककर्जाच्या गरजेनुसार. तिसरा तारणावर जुलैपर्यंत. तिसऱ्या वाट्यात चाळलेला, १० टक्क्यांच्या आत सुकवलेला मालच ठेवा. भुंगा शेतातूनच शेंगेत अंडी घालून आलेला असतो, त्यामुळे नव्या पोत्यात भरल्याने तो टळत नाही. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचावीत आणि दर पंधरवड्याला एक पोते उघडून पाहावे. दाण्याला भोक दिसले की धुरी देण्यासाठी बाजार समितीला लगेच कळवा. भुंगा लागलेल्या तुरीचा उतारा घटतो, आणि मग गिरणीवाला तिला आफ्रिकी तुरीच्या भावात मागतो.